परखचं पत्र आलं, आता काय करायचं? नव्या प्राथमिक शिक्षकांसाठी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच रुळावर आलेली असते आणि केंद्रप्रमुखांचा फोन येतो: "तुमची शाळा परखच्या यादीत आहे. तिसरीचा पट तयार ठेवा." परख म्हणजे मुलांना काय येतं ते बघणारं राष्ट्रीय सर्वेक्षण. पवित्र पोर्टलवरून नेमणूक होऊन तुम्हाला जेमतेम वर्ष झालंय, शाळा द्विशिक्षकी, तिसरी-चौथी एकत्र बसतात. मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, की मुलं नापास झाली तर बोलणी कोण खाणार?

कुणीच नाही. का नाही, ते आधी समजून घ्या. हे समजलं की पुढची निम्मी धावपळ वाचते.

पेपर कुणाचा आहे ते ओळखा

प्राथमिक शाळेत इतक्या परीक्षा येऊन जातात की नवा माणूस गोंधळतो. शिष्यवृत्तीला मूल स्वतःचा अर्ज भरून बसतं, त्याला गुण मिळतात आणि गुणवत्ता यादी लागते. पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा २०२३-२४ पासून पुन्हा पास-नापासाची झाली. पायाभूत आणि संकलित चाचण्या, ज्यांना आपण सगळे पॅट म्हणतो, त्या राज्याच्या आहेत. त्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या असतात आणि त्यांचे गुण विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर भरताना आपली संध्याकाळ जाते. असरची चाचणी तर शाळेत होतच नाही. 'प्रथम' संस्थेचे स्वयंसेवक २००५ पासून खेड्यांतल्या घरी जाऊन एकेका मुलाला समोर बसवतात आणि उतारा मोठ्याने वाचायला लावतात.

राष्ट्रीय सर्वेक्षण या सगळ्यांपेक्षा वेगळं. ते एनसीईआरटीचं, म्हणजे केंद्राच्या शैक्षणिक संशोधन परिषदेचं आहे. २००१ च्या सुमारास त्याची सुरुवात झाली आणि नॅस, म्हणजे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, या नावाने ते आपल्या ओळखीचं झालं. १३ नोव्हेंबर २०१७ ला तिसरी, पाचवी, आठवीचं झालं. १२ नोव्हेंबर २०२१ ला त्यात दहावीची भर पडली. त्यानंतर एनसीईआरटीत 'परख' नावाचं मूल्यमापन केंद्र उभं राहिलं आणि ४ डिसेंबर २०२४ चं सर्वेक्षण परख राष्ट्रीय सर्वेक्षण म्हणून पार पडलं. या वेळी इयत्ताही बदलल्या: तिसरी, सहावी, नववी.

या इयत्ता उगाच निवडलेल्या नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणात दुसरीपर्यंतचा पायाभूत टप्पा, पाचवीपर्यंतचा पूर्वतयारीचा आणि आठवीपर्यंतचा मधला, अशी विभागणी आहे. टप्पा ओलांडून पुढे आलेल्या मुलाच्या हातात मागच्या टप्प्यातलं काय उरलं, ते पाहायचं असतं. म्हणून तिसरीचं पुस्तक डिसेंबरपर्यंत संपवण्याचा आटापिटा इथे कामाचा नाही. पहिली-दुसरीत काय झालं, ते बघायला लोक येतात.

आणि ते सगळ्यांकडे येत नाहीत. २०२४ मध्ये ७८१ जिल्ह्यांतल्या ७४,२२९ शाळा घेतल्या होत्या, विद्यार्थी २१ लाखांच्या थोडे वर. देशातल्या एकूण शाळांच्या मानाने ही मूठभरच. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तीच ही गोष्ट. शिताला कुणी गुण देत नाही. भात शिजला का, एवढंच बघतात. इथे भात म्हणजे जिल्हा. अहवाल जिल्ह्याचा निघतो, राज्याचा आणि देशाचा निघतो. तुमच्या शाळेचा किंवा तुमच्या वर्गातल्या मुलीचा निकाल कुठेही लागत नाही. मात्र भात करणाऱ्या बाईला विचारा: शीत वरवरचं उचललं तर फसायला होतं. म्हणून कोणती शितं उचलायची ते आपल्या हातात ठेवलेलं नाही.

पट आणि यू-डायस एकमेकांशी जुळवा

शाळांची निवड यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीच्या माहितीवरून होते. आपल्या शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक २७ ने सुरू होतो, पुढे जिल्हा, तालुका, गाव, शाळा. तो पाठ असू द्या, त्या दिवशी दहा ठिकाणी लिहावा लागतो. माध्यम, व्यवस्थापन, तिसरीचा पट या तीन गोष्टी पोर्टलवर काय आहेत आणि हजेरीपटावर काय आहेत, ते ताडून पाहा. पोर्टलवर १९ आणि वर्गात १४ असं निघालं, तर दोष शोधत बसू नका. कारण लिहून ठेवा आणि केंद्रप्रमुखांना आधीच सांगा.

कारण बहुतेक वेळा खरंच असतं. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे ऊसतोडीचे दिवस. बीडपासून पश्चिम महाराष्ट्राच्या फडांपर्यंत बिऱ्हाडं गेलेली असतात, मुलं पटावर असतात आणि वर्गात नसतात. ती गैरहजर आहेत. त्यांच्या जागी चौथीतलं हुशार पोर बसवायचं नाही. हा सल्ला देणारे भेटतील, वयाने मोठेही असतील. "हो सर" म्हणा आणि करू नका.

वर्गात तीसपेक्षा जास्त मुलं असतील तर कोणती घ्यायची ते बाहेरून आलेला क्षेत्रीय अन्वेषक, म्हणजे पेपर घेणारा माणूस, ठरलेल्या पद्धतीने काढतो. तुकड्या दोन असतील तर त्यातली एक निघते. मुलं कमी असतील तर सगळीच बसतात. तुम्ही फक्त हजेरीपट पुढे करायचा.

आधीचे आठवडे

पत्र आलं की सराव प्रश्नसंचांचा पाऊस सुरू होतो. व्हॉट्सॲपवर 'परख संभाव्य प्रश्न' नावाच्या पीडीएफ फिरतात. एकाच जातीचे दोनशे प्रश्न घोकून घेतले की मूल त्या प्रश्नाचा साचा ओळखायला लागतं. बेरीज येते की नाही, हा प्रश्न तिथल्या तिथेच राहतो.

सरावाची गरज आहे ती वेगळ्याच कारणासाठी. तिसरीच्या मुलाने चार पर्यायांचा प्रश्न फारसा पाहिलेला नसतो. मी अन्वेषक म्हणून एका शाळेत गेले होते. तिथे एका मुलीने प्रत्येक प्रश्नाचे चारही गोल रंगवले होते, आणि रंग एकाही गोलाबाहेर गेला नव्हता. तिला चित्रकलेचा तास वाटला असणार! तिला काय येत होतं, ते त्या कागदावरून कुणालाच कधी कळणार नाही.

तेव्हा अर्ध्या अर्ध्या तासाचे दोन-तीन तास एवढ्यासाठीच ठेवा. फळ्यावर प्रश्न लिहा, चार पर्याय द्या, उत्तर एकच असतं हे खेळातून दाखवा. नाही आलं तर पुढच्या प्रश्नावर जायचं आणि वेळ उरला की मागे यायचं, हेही त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. नॅसच्या वेळी लहान वर्गांनी पुस्तिकेतच खूण करायची आणि अन्वेषकाने ती ओएमआर, म्हणजे यंत्राने तपासायच्या पत्रिकेवर उतरवायची, अशी सोय होती. आठवीपासून पुढच्यांना गोल स्वतःच रंगवावे लागत. तुमच्या वर्गाला या वेळी काय करायचं आहे, ते तालुक्याच्या प्रशिक्षणात नीट विचारून घ्या.

बाकी दिवस नेहमीसारखे शिकवा.

सर्वेक्षणाचा दिवस

अन्वेषक बहुधा डी.एल.एड. किंवा बी.एड.चा छात्राध्यापक असतो, पोराच्या वयाचा. तो तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेला असतो. त्याला चहा द्या आणि वर्ग दाखवा. पाकीट त्याने मुख्याध्यापक आणि निरीक्षकांसमोर उघडायचं असतं. मुलं अंतर ठेवून बसतील एवढी जागा आदल्या दिवशीच करून ठेवा. बाक नसतील तर सतरंज्या चालतात, पण लिहायला पाट्या किंवा पुठ्ठे हवेत. शेजारच्या मुलाकडे वेगळा संच असू शकतो. "बाई, हिचा पेपर वेगळाय!" ही तक्रार आली तर हसून सोडून द्या.

दोन गोष्टी कुठल्याच पत्रकात नसतात. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना वेळ सांगून ठेवा. फोडणीचा वास आला की तिसरीचं लक्ष पेपरात राहत नाही. आणि पहिलीतल्या धाकट्या भावंडांची बसायची व्यवस्था लांब करा, ती ताईला शोधत थेट वर्गात येतात.

मग तुम्ही वर्गाबाहेर थांबायचं. हे सगळ्यात अवघड काम. दारातून दिसतं की आपला सोन्या ज्या उदाहरणावर अडलाय ते आपण मागच्या आठवड्यातच घेतलं होतं. जीभ वळवळते. एक शब्द पुरेसा असतो. तो शब्द टाकलात तर काय होईल? तुमचा फायदा शून्य, कारण तुमच्या नावाने काही लागतच नाही. जिल्ह्याचा आकडा मात्र केसभर फुगेल. असे शंभर वर्गांतून शंभर शब्द गेले तर 'या जिल्ह्याची वजाबाकी ठीक आहे' असा निष्कर्ष निघेल आणि प्रशिक्षण दुसऱ्याच विषयाचं लागेल. मग जुलैत तुम्हीच त्या प्रशिक्षणात बसून कुरकुर कराल.

प्रश्नावल्या घाईत भरू नका

पेपरबरोबर शाळेची, शिक्षकाची आणि विद्यार्थ्याची अशा तीन प्रश्नावल्या येतात. शिक्षक त्यांना कटकट समजतात. माझ्या मते पेपरइतक्याच त्या मोलाच्या आहेत. ग्रंथालय आहे का या रकान्यात 'आहे' लिहायचं, आणि पुस्तकं मात्र कपाटात कुलूपबंद, असं करू नका.

घरच्या भाषेचा प्रश्न तर नीट विचारा. धडगावात पावरी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणारी मुलं मराठी माध्यमात शिकतात. सगळ्यांसमोर सरसकट 'मराठी' लिहिलं की त्या मुलांचे कमी गुण 'मराठी मुलांना मराठी येत नाही' या मथळ्याखाली जातात. मूल दोन भाषांतून वाट काढत होतं, ही गोष्ट त्या एका रकान्याशिवाय कुठेही नोंदली जात नाही.

अहवाल आला की काय वाचायचं

अहवाल यायला महिने लागतात. २०२४ चा निकाल पुढच्या वर्षी, २०२५ च्या मध्याला आला. आला की पहिल्याच दिवशी वर्तमानपत्रात 'घसरण' किंवा 'झेप' दिसते. हातात पेन्सिल घेऊन बसा आणि तीन गोष्टी तपासा.

एक, मोजपट्टी तीच आहे का? २०१७ चे आकडे टक्क्यांत होते. २०२१ चे ५०० पैकी होते: तिसरीची देशाची भाषेची सरासरी ३२३, गणिताची ३०६. २०२४ ला पुन्हा टक्के, आणि इयत्ताही वेगळ्या. शेर आणि किलो एकाच तराजूत घालून वजन वाढलं की घटलं ते सांगता येत नाही.

दोन, तेव्हा परिस्थिती काय होती? १२ नोव्हेंबर २०२१ आठवा. महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे वर्ग करोनानंतर नियमित उघडले ते डिसेंबरमध्ये. म्हणजे त्या दिवशी तिसरीत म्हणून जी मुलं पेपरला बसली, त्यांनी पहिलीच्या शेवटापासून वर्ग जवळजवळ पाहिलेलाच नव्हता. तो आकडा टाळेबंदीचा आहे. त्याच्यावरून पुढच्या-मागच्या शिक्षकांना जोखू नये.

तीन, सरासरीच्या खाली काय लिहिलंय? २०२४ मध्ये देशाची सरासरी तिसरीत भाषा ६४ टक्के, गणित ६०. सहावीत ५७ आणि ४६. नववीत ५४ आणि ३७. ही तीन वेगवेगळी मुलं आहेत, एकच मूल मोठं होताना नव्हे, हे विसरू नका. तरी गणिताची उतरण पाहून पोटात गोळा येतो. पण वर्गात उपयोगी पडतात त्या सरासरीखालच्या बारीक ओळी: तिसरीतल्या ५५ टक्के मुलांना ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावता आल्या. सहावीत दहापर्यंतचे पाढे ५३ टक्क्यांना येत होते.

या ५५ टक्क्यांत मराठीचा स्वतःचा असा एक पेच आहे. आपण बोलताना एकक आधी म्हणतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. 'त्रेपन्न' ऐकून मूल ३५ लिहितं. 'एकोणसाठ' म्हटलं की साठ ऐकू येतं आणि ६९ उमटतं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा महाराष्ट्रभर विनोद झाले. विनोद बरे होते, पण पुस्तक करणाऱ्यांनी बोट ठेवलं होतं ती अडचण खरीच आहे. तुमच्या वर्गात संख्या ऐकून लिहायला लावा आणि मग तेच आकडे लिहून दाखवून क्रम लावायला सांगा. दोन्हींत किती फरक पडतो ते बघा. काही मुलांना क्रम छान कळत असतो, घोळ फक्त नावांचा असतो.

आता तुमची स्वतःची मोजणी

राष्ट्रीय चाचणीतून शिक्षकाने उचलायची खरी गोष्ट ही: तिथे चुकीचा पर्यायसुद्धा विचार करून ठेवलेला असतो. तंत्र सोपं आहे.

एक अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलाला यायला हवी अशी एक गोष्ट, निवडा. राज्याच्या यादीत तिला ०३.७१.०१ असा क्रमांक असतो. पहिला आकडा इयत्तेचा, ७१ म्हणजे गणित. समजा, हातच्याची वजाबाकी घेतली. उदाहरण ६२ − २८. बरोबर उत्तर ३४. आता मुलं कुठे कुठे चुकतात ते आधीच मांडा. लहानातून मोठा जात नाही म्हणून जो उलटं करतो, आठातून दोन काढतो, त्याचं उत्तर ४६. जो दशक सुटा करतो पण सहाचे पाच करायला विसरतो, त्याचं ४४. ज्याने चिन्हच पाहिलं नाही, त्याचं ९०. आता कागद बघूनच तुम्हाला कळतं की कुणाचं काय अडलंय.

उदाहरण निवडताना एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडले आहे. मी ५२ − २७ घेतलं होतं. त्यात उलटं करणाऱ्याचंही उत्तर ३५ आणि पाचाचे चार न करणाऱ्याचंही ३५. सुट्यांमधला फरक पाच असला की दोन्ही चुका एकाच उत्तरावर येऊन बसतात. मी तीन आठवडे चुकीच्या गोष्टीवर मेहनत घेतली.

पर्याय छापायची गरज नाही. पर्याय यंत्राला लागतात, तुम्हाला नाही. शिवाय चार पर्याय दिले की काहीच न येणाऱ्याचंही चारात एकदा बरोबर येतं. समजा, १८ मुलांत ८ जणांचं उत्तर बरोबर आलं. बाकीच्यांनी नुसता अंदाज मारला असं धरलं, तर खरं येणारी पाचच्या आसपास असतात. म्हणून कोरी जागा द्या आणि मुलांना लिहू द्या. एका प्रकारची तीन उदाहरणं घाला, कारण एकाच उदाहरणावर मूल ठरवता येत नाही. तिन्हींत तीच चूक दिसली तर ती सवय आहे. एकात दिसली तर खिडकीबाहेर माकड आलं असेल.

मग वहीत उभ्या ओळीत मुलं, आडव्या ओळीत उदाहरणं. रकान्यात बरोबर-चूक अशी खूण करू नका, मुलाने लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं लिहा. टक्के काढायचा मोह होईल. १८ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे साडेपाच टक्के, एकाला ताप आला तरी तुमचा आलेख कोसळतो. टक्के जिल्ह्याला शोभतात, आपण नावं मोजावीत.

४६ वाल्यांना एकत्र बसवा आणि काड्यांचे गठ्ठे द्या. सहा गठ्ठे, दोन सुट्या, आता आठ दे म्हणावं. गठ्ठा सोडल्याशिवाय देताच येत नाही, आणि ही अडचण हाताला कळावी लागते. ४४ वाल्यांना गठ्ठ्यांची गरज नाही. सोडलेला गठ्ठा खोडायचा, एवढी एक सवय लावायची, ती आठवड्यात लागते. ९० वाल्याला फक्त उदाहरण मोठ्याने वाचायला लावा. तिघांनाही एकच 'वजाबाकीचा उपचारात्मक वर्ग' लावलात तर दोघांचा वेळ वाया जाईल.

तीन आठवड्यांनी पुन्हा मोजा, पण आकडे बदलून. ७१ − ३५ चालेल: बरोबर ३६, उलटं करणाऱ्याचं ४४, खोडायला विसरणाऱ्याचं ४६. मागच्या वेळी ४६ म्हणजे एक चूक होती, या वेळी तीच संख्या दुसऱ्या चुकीची आहे. तेव्हा जुनी यादी समोर ठेवून तपासू नका, नवी मांडा.

भाषेचंही असंच करता येतं, फक्त वेळ जास्त लागतो. पाच-सहा वाक्यांचा उतारा घ्या. एक प्रश्न असा की उत्तर उताऱ्यात जसंच्या तसं आहे. दुसऱ्याला दोन वाक्यं जोडावी लागतील. तिसऱ्याचं उत्तर लिहिलेलंच नाही, ओळखावं लागतं. आधी मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. अडखळत वाचणाऱ्याला तिसरा प्रश्न जमला नाही तर तो विचारात कच्चा आहे असं समजू नका, त्याची सगळी ताकद अक्षरांवरच खर्च झालेली असते. तोच उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि पुन्हा विचारा.

वहीच्या त्या पानावर तारीख घाला. बदलीचा आदेश आला की ते पान वर्गाच्या फाइलमध्ये लावून जा. जूनमध्ये येणाऱ्या नव्या बाईंना किंवा गुरुजींना 'सोन्या, ७१ − ३५, लिहिलं ४४' एवढी एक ओळ मिळाली, तरी पहिल्या सोमवारी कुणाच्या हातात काड्या द्यायच्या ते कळेल.